टोमॅटो पिकण्याची वाट : मळा, मंडई आणि गॅलरी

(वारजे येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की आज बागकामाचं शिबिर आहे. तसं नाही. हे इतिहासाचंच व्याख्यान आहे. फक्त त्यात गड नाहीत, तह नाहीत, लढाई आहे ती एकच आणि तीही ओघात येऊन जाईल. आपल्या सगळ्यांच्या घरात रोज चिरला जाणारा टोमॅटो हा आजचा विषय. आणि त्यातला प्रश्न एकच आहे. फळ झाडावर पूर्ण लाल होईपर्यंत थांबण्याची सोय कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती? हा प्रश्न हातात धरून आपण मेक्सिकोपासून वारज्यापर्यंत यायचं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. इतिहासाला कागद मिळत नाहीत तेव्हा शब्द उपयोगी पडतात. बटाटा, पपई, अननस, काजू, तंबाखू हे आपले रोजचे शब्द पाहा. वनस्पती अमेरिकेतल्या, आणि शब्द मराठीत आले ते पोर्तुगिजांच्या तोंडून. टोमॅटोचं मूळ नावही तिकडचंच. मेक्सिकोतल्या नाव्हात्ल भाषेत 'तोमात्ल'. स्पॅनिशात त्याचं 'तोमाते' झालं, पोर्तुगीजही तेच म्हणतात, आणि गोव्याच्या कोंकणीत आजही 'टोमाट' ऐकू येतं. पण आपण मराठीत काय म्हणतो? टोमॅटो. हा उच्चार सरळ इंग्रजीतून आलेला आहे. खेड्यापाड्यांत त्याचं टमाटं, टंबाटं झालं, पण वाट तीच.

आता यावरून लगेच असं म्हणू नका की टोमॅटो भारतात इंग्रजांनीच आणला. शब्दाची वाट आणि झाडाची वाट एकच असते असं नाही. पोर्तुगिजांनी रोप आधी आणलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. पण बटाट्याला पोर्तुगीज नाव चिकटलं आणि टोमॅटोला इंग्रजी, यावरून एवढं नक्की म्हणता येतं की मराठी घरांनी टोमॅटो आपलासा केला तो बराच उशिरा, इंग्रजी अमलात.

त्याला आपली स्वतःची नावंही होती. जुन्या पिढीतल्या काही घरांत 'बेलवांगी' किंवा 'वेलवांगी' म्हणत. विदर्भ-खानदेशाकडे 'भेद्रं' म्हणतात. बंगालीत 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगं. वांगं या शब्दाकडे लक्ष द्या. १५४४ साली इटलीत मात्तिओली नावाच्या वैद्याने या फळाचं वर्णन केलं, तेव्हा त्यानेही ते वांग्याच्या जातीत घातलं. इटलीतला वैद्य, बंगालमधला शेतकरी आणि आपल्याकडची आजी, तिघांनीही पान-फूल बघून ओळखलं की हे वांग्याचं भावंड आहे. शास्त्रीय वर्गीकरणही तेच सांगतं. वांगं, बटाटा, मिरची, टोमॅटो आणि धोतरा ही सगळी एकाच कुळातली. या कुळात विषारी मंडळी बरीच असल्यामुळे युरोपात टोमॅटोकडे अनेक दशकं संशयाने पाहिलं गेलं. लोक तो शोभेसाठी लावत, खायला कचरत.

आपल्याकडे काय झालं? इथे मला एक गंमत दाखवायची आहे. उपासाचं ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची. या पाचांचं मूळ अमेरिकेत आहे. म्हणजे आपलं सगळ्यात सोवळं ताट जवळजवळ पूर्णपणे कोलंबसानंतरचं आहे. आणि त्याच खंडातून आलेल्या टोमॅटोला मात्र बहुतेक घरांत उपासाला अजून जागा नाही.

असं का व्हावं? माझा अंदाज सांगतो, अंदाज म्हणूनच घ्या. साबुदाणा आणि बटाटा पोट भरतात. उपासाला धान्य चालत नाही, तेव्हा ती रिकामी जागा त्यांनी भरली. टोमॅटो आणतो तो आंबटपणा. आणि मराठी स्वयंपाकात आंबटाची जागा कधीच रिकामी नव्हती. देशावर चिंच, कोकणात आमसूल, उन्हाळ्यात कैरी, एरवी ताक, लिंबू, अंबाडी, चुका. प्रत्येक मोसमाचं आणि प्रत्येक प्रदेशाचं आंबट ठरलेलं होतं. त्यामुळे टोमॅटोला आत शिरायला वेळ लागला. जॉर्ज वॅट यांनी हिंदुस्थानातल्या आर्थिक उपयोगाच्या वनस्पतींचा मोठा कोश १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध केला. त्यातही नोंद अशीच आहे की इथले लोक हे फळ आता कुठे खाऊ लागले आहेत, पण लागवड मुख्यतः युरोपियनांसाठी होते.

युरोपियनांसाठी म्हटलं की पुणं आलंच. १८१७ साली खडकीची लढाई झाली, पेशवाई संपली आणि पुण्याला लष्कराची छावणी बसली. छावणी म्हणजे गोरे शिपाई, साहेब, मडमा, आणि त्यांच्या जेवणाला लागणारी कोबी, फ्लॉवर, गाजर अशी 'इंग्रजी भाजी'. १८३० साली पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था स्थापन झाली. आज आपण जिला एम्प्रेस गार्डन म्हणतो ती बाग याच संस्थेकडे आहे. १८७३ साली गणेशखिंडीत वनस्पती उद्यान सुरू झालं. १९०७ साली शेतकी महाविद्यालय आलं. बियाणं, रोपं, माळीकाम शिकलेली माणसं, हे सगळं एका शहराभोवती जमत गेलं.

पण टोमॅटोला बियाण्याइतकंच पाणी लागतं. पुण्याचं पाणी बदललं ते १८७० च्या दशकात, खडकवासल्याला मुठेवर धरण झालं तेव्हा. तलावाला तेव्हा फाइफसाहेबांचं नाव होतं. धरणातून दोन कालवे निघाले. उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून हडपसर-मांजरीकडे गेला. डावा कालवा नदीच्या आपल्या अंगाने, म्हणजे शिवणे, वारजे, कोथरूड असा शहराकडे आला. लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला 'कॅनॉल रोड' हे नाव अजून आहे, पण त्यावरून चालणाऱ्या किती जणांना तिथे पाणी वाहत होतं हे माहीत असेल?

जमीनमहसुलाच्या भाषेत बागायतीचे दोन प्रकार होते. विहिरीवर मोट चालवून भिजणारी जमीन ती मोटस्थळ, आणि पाटाच्या पाण्याने भिजणारी ती पाटस्थळ. कालव्याने पुण्याच्या आसपास पाटस्थळ वाढवलं. पण नवं पाणी म्हणजे नवी पाणीपट्टी, त्यामुळे सगळ्यांनी ते आनंदाने घेतलं असं नाही. जोतीराव फुल्यांनी मांजरीला स्वतः शेती केली आणि 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पाटबंधारे खात्याच्या कारभारावर सडकून लिहिलं. शहरात मोठी मंडई बांधायचं ठरलं तेव्हा नगरपालिकेचे सभासद म्हणून त्यांनी त्या खर्चालाही विरोध केला होता. १८८६ साली ती मंडई सुरू झाली, रे मार्केट या नावाने. पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. इतिहासाचे असे योगायोग असतात.

आता जमिनीकडे या. शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा बारकाईने अभ्यास करून १९१७ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना काय आढळलं? १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमाराला ती ७ एकरांवर आली होती. तीही एका जागी नाही, तुकड्यातुकड्यांत. एवढ्याशा तुकड्यावर ज्वारी-बाजरी लावून कुटुंब चालत नाही. पण शेजारी शहर असेल आणि थोडं पाणी असेल, तर त्यावर माळवं होतं. मेथी, कोथिंबीर, वांगी, गवार, आणि मग टोमॅटो. शहराला लागून असलेल्या गावांनी भाजीपाल्याची वाट धरली त्यामागे हे गणित असावं असं मला वाटतं. वारजे हे अशाच पट्ट्यातलं गाव. मुठेचा डावा काठ, कालवा जवळ, आणि मंडई बैलगाडीने पहाटे निघून पोचता येईल इतक्या अंतरावर.

या अंतराचा आणि पिकण्याचा थेट संबंध आहे. माल रात्री खुडायचा आणि सकाळी विकायचा असेल, तर फळ झाडावर चांगलं लाल होऊ देता येतं. मंडई लांब गेली की खुडणी अलीकडे सरकते. हे नवीन नाही. सोळाव्या शतकात सहागून नावाच्या पाद्र्याने मेक्सिकोतल्या बाजारांची वर्णनं नोंदवली. त्यात टोमॅटो विकणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत, चांगला आणि वाईट. वाईट विक्रेता कोण? जो नासका, ठेचलेला आणि हिरवा, घशाला खाजणारा माल खपवतो तो. पाचशे वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईकही आपल्यासारखंच कुरकुरत होतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदललं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'सू' आणि 'सुधारित मेरठी' या दोन वाणांच्या संकरातून 'पुसा रुबी' तयार केली. ती देशभर गेली. १९६८ साली राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ झालं, तिथून धनश्री, भाग्यश्री असे वाण आले. मग खासगी कंपन्यांचे संकरित वाण. मांडव, तार, बांबू, ठिबक, आच्छादनाचा कागद. टोमॅटोचं मोठं पीक पुण्याच्या वेशीवरून हललं आणि जुन्नर तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात गेलं. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत ही आज टोमॅटोच्या बाजाराची नावं आहेत. तिथून माल मुंबईला जातो, दिल्लीला जातो, आणखी लांबही जातो.

आणि इकडे वारज्यात काय झालं? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण फुटलं, आणि पुण्याचे पूरग्रस्त नदीपासून दूर नव्या वस्त्यांत गेले. शहर पश्चिमेकडे सरकायला लागलं. मग मुंबई–बेंगळुरू रस्त्याचा बाह्यवळण मार्ग वारज्यातून गेला. १९९७ साली गाव महापालिकेत आलं. मळ्यांचे प्लॉट झाले, प्लॉटवर इमारती झाल्या. यात कोणी खलनायक नाही. एकराच्या भाजीचं उत्पन्न आणि एकराच्या जागेचा भाव यांची तुलनाच होऊ शकत नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : फळ पिकतं कसं? फळ धरल्यापासून पूर्ण वाढीचं हिरवं होईपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे जातात. मग बुडाशी फिकट रंग फुटतो. तिथून लाल व्हायला आणखी आठवडा-दहा दिवस. हा शेवटचा टप्पा इथिलीन नावाचा वायू चालवतो, आणि तो फळ स्वतःच तयार करतं. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गला नेल्युबोव या तरुण संशोधकाला प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं वाकडी वाढताना दिसली. दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन हे त्याचं कारण त्याने शोधलं. १९३४ साली इंग्लंडमध्ये गेन यांनी दाखवलं की पिकणारी सफरचंदं स्वतःच हा वायू सोडतात. आपल्याकडे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण रीत ठाऊक होती. आंब्याची अढी लावायची, गवतात झाकून, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याला लागतो आणि सगळे बरोबर पिकतात. तो 'वास' म्हणजे इथिलीन.

हे कळल्यावर बाजाराला किल्ली मिळाली. फळ हिरवं किंवा नुकता रंग फुटलेलं खुडायचं, कडक असताना कॅरेटमध्ये भरायचं आणि वाटेत पिकू द्यायचं. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळं पिकवायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, इथिलीन वायूला मर्यादेत परवानगी आहे. रंग फुटल्यावर खुडलेलं फळ लाल होतंच, ते खोटं लाल नसतं. पण वेलीवरून मिळणारी साखर तोडणीच्या दिवशी बंद होते.

चव कमी होण्याचं आणखी एक कारण २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलं. जुन्या टोमॅटोच्या देठाजवळ गडद हिरवा पट्टा असायचा, आपल्या गावठी टोमॅटोला अजून असतो. व्यापाऱ्याला तो नको असतो, कारण फळ कधी तयार झालं ते नजरेला नीट कळत नाही. म्हणून गेली सत्तर-ऐंशी वर्षं एकसारख्या फिकट हिरव्या फळांचे वाण निवडले गेले. संशोधकांना आढळलं की तो गडद पट्टा ज्या जनुकामुळे येतो, तेच जनुक फळाला स्वतःची थोडी साखर तयार करू देतं. रंग एकसारखा करताना आपण थोडी गोडी सोडून दिली, आणि हे कोणी ठरवून केलं नाही.

इथे शहरातला माणूस लगेच म्हणतो, शेतकरी हल्ली कच्चा माल पाठवतो. मंडळी, हे बोलण्याआधी जरा थांबा. कांदा चाळीत चार-पाच महिने ठेवता येतो. बटाट्याला शीतगृह आहे. टोमॅटोला काय आहे? रंग फुटला की मोजके दिवस. तोडा सुरू झाला की तो थांबवता येत नाही. भाव पडला म्हणून शेतकऱ्याने आठवडाभर वाट पाहिली, तर झाडावर माल फुटतो आणि मजुरी डोक्यावर बसते. ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिक आणि औरंगाबाद भागात किलोला दोन-तीन रुपये भाव मिळाला आणि शेतकऱ्यांनी रस्त्यावर टोमॅटो ओतले. दोन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, अनेक शहरांत किरकोळ भाव शंभरीच्या पुढे गेला. तेव्हा केंद्र सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ या संस्थांमार्फत टोमॅटो खरेदी करून सवलतीत विकायला सुरुवात केली. दोन्ही वर्षी झाड तेच, फळ तेच. पहिल्या वेळी शेतकऱ्याकडे थांबायची सोय नव्हती, दुसऱ्या वेळी गिऱ्हाइकाकडे नव्हती. पहिल्या बातमीला आपण किती दिवस लक्षात ठेवलं आणि दुसरीला किती, हा प्रश्न आपापल्या मनाला विचारा.

आता तुमच्या गॅलरीकडे. वारज्यात आज ज्या सोसायट्या आहेत, त्यांच्या गच्चीवर आणि गॅलरीत पुन्हा टोमॅटो दिसतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि थोड्या जागेत, घरातल्या काडीकचऱ्यावर काय पिकू शकतं हे लोकांनाच करून बघायला लावलं. ओला कचरा जिरवणाऱ्यांना महापालिका मिळकतकरात सवलत देते, हेही त्याच दिशेचं पाऊल. कुंडीतल्या टोमॅटोने घरखर्च वाचतो असं मी म्हणणार नाही. माती, कुंडी, बियाणं यांचा हिशेब मांडला तर मंडईच बहुधा स्वस्त पडेल. पण कुंडी एक गोष्ट शिकवते, जी मंडई शिकवत नाही.

पुण्यातले गच्चीवाले दोन तक्रारी नेहमी करतात. डिसेंबर-जानेवारीत विचारतात, फळं महिनाभर हिरवीच का? कारण थंड रात्रींनी पिकण्याची क्रिया मंदावते. एप्रिलमध्ये विचारतात, फुलं का गळतात आणि फळ लाल न होता पिवळट-नारिंगी का राहतं? कारण तापमान तिशीच्या बरंच पुढे गेलं की लाल रंगद्रव्य, लायकोपीन, नीट तयार होत नाही. पिवळं द्रव्य मात्र होत राहतं. तेव्हा थंडीत घाई करू नका, आणि उन्हाळ्यात दुपारची सावली द्या किंवा रंग फुटलेलं फळ खुडून घरात ठेवा. टोपलीत पिकलेलं केळं ठेवलंत तर तीच आपली अढी. फ्रीजमध्ये कच्चा टोमॅटो घालू नका, थंडीने त्याची पिकण्याची यंत्रणाच बिघडते.

हे सगळं आपण चार कुंड्यांसाठी करतो, रोज सकाळी बघतो, आणि फळ लाल झालं की घरातल्यांना दाखवतो. ज्याच्याकडे दोन एकर आहे आणि डोक्यावर कर्ज आहे, तो याच थंडीची आणि याच उन्हाची वाट बघत असतो. एवढं कळलं तरी कुंडी फुकट गेली नाही.

शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. मंडईच्या इमारतीचा इतिहास लिहिला गेला, धरणाचा लिहिला गेला. वारज्याच्या मळ्यांचा लिहिला गेलेला नाही. तो लिहिण्याची साधनं अजून आहेत. जुने सातबारे काढा. गाव नमुना बारामध्ये वर्षावर्षाची पिकं आणि पाण्याचं साधन लिहिलेलं असतं. कोणत्या गटात कोणत्या साली भाजीपाला होता आणि कोणत्या सालापासून बिनशेती झाली, हे ओळीने वाचता येईल. आणि माळवाडीत, गावठाणात ज्यांनी स्वतः पाटाचं पाणी दारं धरून दिलंय अशी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे बसा. कोणत्या विहिरीला काय म्हणायचे, टोमॅटो गावात पहिल्यांदा कोणी लावला, मंडईत कोणत्या अडत्याकडे जायचा, भाव पडला त्या दिवशी घरी काय व्हायचं, हे विचारा आणि लिहून ठेवा. फोनमध्ये आवाज ध्वनिमुद्रित केलात तरी चालेल.

टोमॅटो पिकायची वाट पाहता येते, या कामाला मात्र तेवढी सवड नाही.  आता प्रश्न विचारा.